मालेरावांचं दुखणं आणि शरीराची मापं

गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तहसिलीतलं गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथे हिंगोट युद्ध होतं. हिंगणबेटाची फळं पोखरून त्यांत दारू ठासतात आणि गौतमपुऱ्याचे ‘तुर्रा’ व शेजारच्या रुणजीचे ‘कलगी’ ती पेटवून एकमेकांवर फेकतात. वर्तमानपत्रांत गावाचं नाव येतं ते बहुधा तेवढ्यापुरतंच. पण हे गाव वसवलं मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंनी, आणि त्यांचंच नाव ते आजही चालवतं. गौतमाबाई खानदेशातल्या तळोद्याच्या भोजराज बारगळांची लेक. मल्हाररावांचं बालपण याच मामाच्या घरी गेलं आणि पुढे मामाच्याच मुलीशी त्यांचं लग्न झालं. पेशव्यांनी १७३४ मध्ये होळकरांना जी खासगी जहागीर दिली, ती गौतमाबाईंच्या वाट्याची होती. होळकरशाहीच्या उभारणीत या बाईचा हात किती होता यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे त्यांची आठवण निघते ती त्यांच्या नातवामुळे.

मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात आलमपूरला वारले. मुलगा खंडेराव त्याआधी बारा वर्षं, १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात मारला गेला होता. म्हणून गादीवर आले नातू मालेराव, खंडेराव आणि अहिल्याबाईंचा एकुलता मुलगा. वय विशीतलं. वर्षभराच्या आतच, १७६७ मध्ये, तेही गेले. सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरच्या १८२३ च्या ग्रंथात या अखेरीची हकीकत दिली आहे. मन आधीपासून अस्थिर. त्यात भरतकाम करणाऱ्या एका कारागिराचा त्यांनी संशयावरून जीव घेतला, पुढे तो निर्दोष असल्याचं कळलं, आणि त्या मेलेल्या माणसाने आपल्याला झपाटलंय अशी त्यांची व भोवतालच्यांची खात्री झाली. आई रात्रंदिवस उशाशी बसून त्या भुताची मनधरणी करत राहिली. ही हकीकत पन्नास वर्षांनंतर, ऐकीव माहितीवरून लिहिलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

चाळीस वर्षांनी त्याच गादीवर दुसरं दुखणं आलं. इंग्रजांना झुंजवणारे यशवंतराव होळकर १८०८ च्या सुमारास भानपुऱ्यात तोफा ओतण्याच्या कामात बुडाले होते. झोप उडाली, राग आवरेना, वागणं इतकं बेफाम झालं की त्यांना बांधून ठेवावं लागलं. त्यानंतर वाचा गेल्यासारखी शांतता आली आणि १८११ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. माल्कम या वेडाचा मोठा दोष मद्याला देतो.

एका घराण्यात दोन पुरुष, दोघांनाही ‘वेड’. लोक काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे: रक्तातच आहे. पण यशवंतराव हे तुकोजी होळकरांचे पुत्र, आणि तुकोजी मल्हाररावांचे वंशज नव्हते. आडनाव एक, गादी एक, रक्ताचं जवळचं नातं मात्र नाही. शिवाय दोघांचा आजार एकच होता असं कशावरून म्हणायचं? एकाच्या बाबतीत अपराधाची टोचणी आणि भूतबाधा, दुसऱ्याच्या बाबतीत उन्माद, मद्य आणि शेवटी मूकपण. पहिलं स्किझोफ्रेनियासारखं वाटतं, दुसरं बायपोलरसारखं, आणि दोन्ही ठिकाणी तिसरंच काही असू शकतं: मेंदूतला संसर्ग, ताप, विषबाधा. हाती फक्त शब्द आहेत, आणि शब्दांवरून आनुवंशिकता शोधायला निघालं की माणूस असाच फसतो.

मनोविकारांची जनुकं शोधणाऱ्यांची मूळ अडचण हीच आहे. अडीचशे वर्षांत औषधं आली, रुग्णालयं आली, पण निदान अजूनही मुख्यतः संभाषणावर उभं आहे. डॉक्टर विचारतात: आवाज ऐकू येतात का, झोप कशी आहे, कुणी मागावर आहे असं वाटतं का. घरचे सांगतात, डॉक्टर निरीक्षण करतात, आणि ठरलेल्या निकषांवर आजाराला नाव मिळतं. उपचारांसाठी ही रीत पुष्कळ उपयोगी आहे. पण स्किझोफ्रेनिया या एका नावाखाली कदाचित चार वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकत्र उभी असतात. पूर्वी ‘ताप’ हेच निदान होतं. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली तेव्हा हिवताप वेगळा झाला, विषमज्वर वेगळा झाला. सगळे तापकरी एकत्र घेऊन त्यांच्यात सामाईक जनुक शोधलं असतं तर काय हाती लागलं असतं?

आनुवंशिकता आहे, यात शंका नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून स्किझोफ्रेनियाच्या जोखमीतला सुमारे ८० टक्के फरक जनुकांशी जोडता येतो. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. आई किंवा वडील आजारी असतील तर ती दहात एकाच्या आसपास जाते. एकरूप जुळ्यांतल्या एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निरनिराळ्या अभ्यासांत तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत निघाली आहे. म्हणजे सगळी जनुकं सारखी असूनही दुसरा जुळा निदान निम्म्या वेळा निरोगी राहतो. हे आकडे घरोघरी पोचायला हवेत असं मला फार वाटतं. ‘रक्तात आहे’ या दोन शब्दांनी माणसाला जेवढं घाबरवलं जातं, तेवढं हे आकडे घाबरवत नाहीत.

अर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९६७ मध्ये मांडलं की स्किझोफ्रेनियामागे एक जनुक नसून पुष्कळ जनुकांची छोटी-छोटी भर असते. पुढे त्यांनीच वाट सुचवली: जनुक एका टोकाला, आजार दुसऱ्या टोकाला, मधलं अंतर प्रचंड, तर मग मधलं असं काही मोजा, जे डोळ्यांना दिसत नाही पण यंत्राला कळतं. याला एन्डोफेनोटाइप म्हणतात. आपण मधलं माप म्हणू. कुठलंही माप इथे चालत नाही. ते आजाऱ्यांत इतरांपेक्षा अधिक आढळलं पाहिजे. आनुवंशिक असलं पाहिजे. आजार बळावला काय किंवा ओसरला काय, ते तसंच राहिलं पाहिजे. आणि खरी कसोटी अशी, की रुग्णाच्या निरोगी भावंडांत, आईवडिलांतही ते सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त वेळा दिसलं पाहिजे.

या शेवटच्या अटीमुळे सगळा शोध उलटा फिरतो. मालेरावांच्या काळी असा संशोधक इंदुरात असता, तर त्याने मालेरावांइतकंच लक्ष त्यांच्या बहिणीकडे, मुक्ताबाईंकडे दिलं असतं. त्यांना मनोविकार होता अशी नोंद नाही. पण त्याच आईवडिलांची जनुकं त्यांच्याही वाट्याला आलेली. भावाचं एखादं माप त्यांच्यातही तसंच निघालं असतं, तर ते आजारामुळे, औषधामुळे किंवा दुःखामुळे आलेलं नाही एवढं तरी नक्की झालं असतं.

पहिली मापं डोळ्यांची. १९०८ मध्येच डीफेनडॉर्फ आणि डॉज यांनी अमेरिकेत फोटोच्या पट्टीवर रुग्णांच्या डोळ्यांची हालचाल टिपली होती. झुलणाऱ्या लंबकाचा पाठलाग करताना निरोगी डोळा संथ सरकतो. कित्येक रुग्णांचा डोळा मागे पडतो आणि उड्या मारत लंबकाला गाठतो. हे काम पुढे विस्मरणात गेलं. १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी ते पुन्हा केलं आणि लगोलग रुग्णांच्या नातेवाइकांकडे वळले. आजार नसलेल्या नातेवाइकांतही तोच अडखळता पाठलाग अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त जणांत सापडला. मनाचा आजार म्हणून ज्याकडे पाहिलं जात होतं, त्याची खूण बुबुळांत मिळाली.

मग कान. डोक्याला तारा लावायच्या आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन टिक-टिक आवाज ऐकवायचे. पहिल्या आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी मेंदूची लाट उठते. दुसऱ्या आवाजाला ती लहान होते, कारण मेंदू म्हणतो, हे तर आत्ताच ऐकलं. कित्येक स्किझोफ्रेनिया रुग्णांत ती लहान होत नाही. प्रत्येक आवाज नवाच. डेन्व्हरच्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी कुटुंबांत हे माप मोजलं आणि १९९७ मध्ये त्याचा दुवा पंधराव्या गुणसूत्रावर, निकोटिन ज्याला चिकटतं अशा एका ग्राहकाच्या जनुकाजवळ, लावला. रुग्णांमध्ये धूम्रपान इतकं का, याचंही एक उत्तर त्यातून पुढे आलं, कारण निकोटिनने मेंदूची ही आवाज गाळण्याची क्षमता थोडा वेळ सुधारते. मात्र त्या ग्राहकावर नेम धरलेलं औषध मोठ्या चाचण्यांत टिकलं नाही.

यशवंतरावांच्या संदर्भात व्यसनाचं एक माप सांगण्याजोगं आहे. हेन्री बेगलायटर यांनी १९८४ मध्ये मद्यासक्त वडिलांच्या अशा लहान मुलांची तपासणी केली, ज्यांनी स्वतः थेंबही घेतलेला नव्हता. काही वेगळं दिसलं की मेंदूत सुमारे ३०० मिलिसेकंदांनी जी लाट येते, ती या मुलांत आधीपासूनच खुजी होती. म्हणजे दारूने मेंदूवर केलेला परिणाम त्यांत नव्हता. दारू अजून यायची होती. याच गटाने पुढे मेंदूच्या बीटा लहरींचा माग काढत चौथ्या गुणसूत्रावरच्या जनुकांच्या एका पुंजक्यापर्यंत मजल मारली. शरीराच्या मापावरून जनुकाकडे जाण्याच्या या सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत स्वच्छ उदाहरण, जरी पुढच्या अभ्यासांत तो दुवा कधी दिसला, कधी नाही.

आपल्याकडे काय झालं? दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. स्मिता देशपांडे आणि त्रिप्तीश भाटिया यांनी, पिट्सबर्ग विद्यापीठातले डॉ. विश्वजित निमगावकर यांच्यासोबत, वर्षानुवर्षं रुग्ण आणि त्यांचे आईवडील यांचा एकत्र अभ्यास केला. त्यांचा एक निबंध २००९ मध्ये मुंबईच्या केईएममधून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आला. त्यात माप होतं अगदी साधं: कागदावर विखुरलेले अंक आणि अक्षरं ठरलेल्या क्रमाने रेघेने जोडायची, वेळ मोजायची, चुका मोजायच्या. रुग्ण मागे पडले, हे अपेक्षितच. पण त्यांच्या पालकांतही निरोगी तुलना-गटाशी फरक दिसला. असं माप आपल्या देशात वापरताना एक सावधगिरी लागते, जी पाश्चात्त्य निबंधांत क्वचित आढळते. शाळेची पायरी न चढलेल्या आईला अक्षरांचा क्रम जोडायला सांगितला आणि तिला वेळ लागला, तर ते जनुकांचं माप झालं की शिक्षणाचं? शिक्षण, वय, भाषा यांचा हिशेब केल्याशिवाय असा आकडा पुढे नेता येत नाही. म्हणून ज्याला शाळा लागत नाही असं माप जास्त मोलाचं. डोळ्यांचा पाठलाग तसा आहे. त्वचाही तशी आहे.

त्वचेची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते, आणि तिचा एक धागा पुण्यातून जातो.

नायसिन म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक. ते मोठ्या मात्रेत घेतलं की चेहरा, मान, छाती लाल होते, गरम लागते. एब्रॅम हॉफर हे कॅनडाचे मानसोपचारतज्ज्ञ स्किझोफ्रेनियावर नायसिन देत असत. काही रुग्णांना ही लाली येतच नाही, हे साठीच्या दशकातच त्यांच्या नजरेला आलं होतं. पुढे डेव्हिड हॉरोबिन यांनी त्यातून चाचणीच सुचवली. आता गोळी द्यावी लागत नाही; नायसिनचं संयुग लावलेली छोटी पट्टी हाताच्या आतल्या बाजूला चिकटवायची आणि काही मिनिटांनी किती लाल झालं ते पाहायचं. लाली येण्याची क्रियाही समजलेली आहे. पेशींच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल असतं. नायसिनचा इशारा मिळाला की त्यातून प्रोस्टाग्लँडिन बनतं, रक्तवाहिन्या सैलावतात, त्वचा लाल होते. लाली कमी, म्हणजे या साखळीत कुठेतरी कसर. तैवानमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मंद लाली रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांतही दिसली, आणि ज्या कुटुंबांत एकाहून अधिक रुग्ण होते तिथे ती अधिक ठळक होती. मधल्या मापाच्या अटी इतक्या नेटकेपणाने पुऱ्या करणारं माप विरळा.

मग प्रश्न आला, पेशींच्या आवरणातच काही कमी आहे का? मेंदूच्या पेशी जिवंत माणसातून काढता येत नाहीत, पण तांबड्या रक्तपेशींचं आवरण थोडंफार त्याच घडणीचं असतं. जॉर्जियातल्या ऑगस्टा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले साहेबराव महाडिक यांनी ही तपासणी पुण्यातल्या संशोधकांबरोबर केली. त्यांत भारती विद्यापीठाच्या संस्थेतले प्रभाकर रांजेकर होते. पुणंच का? कारण अमेरिकेत आजार सुरू झाला की लगेच औषध सुरू होतं, आणि मग सापडलेला फरक आजाराचा की औषधाचा हे कळत नाही. एकही गोळी न घेतलेले रुग्ण आपल्याकडे भेटत होते. हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचं भूषण नव्हे. पण त्या रुग्णांनी दिलेल्या रक्तामुळे एका अवघड प्रश्नाचं उत्तर जवळ आलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात औषध न घेतलेल्या रुग्णांच्या पेशींत ॲराकिडोनिक आम्ल आणि डीएचए ही दोन्ही स्निग्धाम्लं कमी आढळली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, लहान अभ्यासात त्यांनी रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत ओमेगा-३, ई आणि क जीवनसत्त्व दिलं आणि सुधारणा नोंदवली. जगभरच्या पुढच्या चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आहेत. माशाच्या तेलाने स्किझोफ्रेनिया बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. आणि आहाराचा प्रश्न इथेही सुटत नाही: रक्तातली स्निग्धाम्लं ताटावर, तंबाखूवर, दारिद्र्यावरही अवलंबून असतात.

हा धागा इथेच तुटला असता. पण २०१९ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट झाली. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेच्या डॉ. आर. थारा आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे ब्रायन मौरी यांच्या गटाने दक्षिण भारतीय रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळला. त्यांनी त्वचा मोजली नव्हती, लाली पाहिली नव्हती. कोणत्याही पूर्वकल्पनेशिवाय सगळ्या गुणसूत्रांवर शोध घेतला, आणि खूण उठली ती आठव्या गुणसूत्रावर, नायसिनचं शरीरात रूपांतर करणाऱ्या जनुकाच्या परिसरात. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच नायसिन आहे. झीब्राफिश या माशात ते जनुक दडपलं तेव्हा मेंदूच्या घडणीत फरक पडला.

या जुळणीने हुरळून जाऊ नये. लाली ज्या वाटेने येते ती वाट वेगळी आणि हे जनुक ज्या वाटेवर आहे ती वेगळी; दोन्ही नायसिनपाशी भेटतात एवढंच. तरीही आपल्या प्रदेशाला नायसिन आणि मन यांचं नातं नवं नाही. पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग. त्यात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब होतात आणि मन बिघडतं. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दाखवलं की दख्खनमध्ये हा रोग मुख्यतः ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांना होतो. यात ज्वारीचा दोष नाही; दोष एकाच धान्यावर दिवस काढावे लागण्याचा. आणि पेलाग्राचं वेड नायसिन दिल्यावर जातं, स्किझोफ्रेनिया जात नाही. दोन्हींची गल्लत करू नये, पण शरीरातल्या एका जीवनसत्त्वाची वाट मनापर्यंत पोचते, हे दख्खनच्या इतिहासानेच दाखवलेलं आहे.

आता निराशेचा भाग, जो सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे पुरा होत नाही. मधलं माप आजारापेक्षा साधं, म्हणून त्यामागची जनुकं थोडी आणि ठळक असतील, ही मूळ आशा होती. २००७ मध्ये जोनाथन फ्लिंट आणि मार्कस मुनाफो यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की तसं दिसत नाही. २०१४ मध्ये मिनेसोटाच्या विल्यम आयकोनो यांच्या गटाने जुळी भावंडं आणि त्यांचे पालक अशा सुमारे ४,९०० माणसांत डोळ्यांची, त्वचेची, मेंदूलहरींची मिळून १७ मापं घेतली आणि जनुकं शोधली. मापं आनुवंशिक निघाली, पण जनुकं जवळपास हाती लागली नाहीत. मेंदूची एक लाटसुद्धा हजारो जनुकांच्या बारीक भरीतूनच बनते.

त्याच वेळी दुसऱ्या, ढोबळ वाटणाऱ्या रस्त्याने यश आलं. फक्त निदान घ्या, पण माणसं हजारोंनी घ्या. आंतरराष्ट्रीय गटाने २०१४ मध्ये सुमारे ३७,००० रुग्णांतून जनुकसंचावरच्या १०८ जागा शोधल्या. २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ इतर माणसं घेऊन त्या २८७ झाल्या. मग शरीराची मापं फुकट गेली का? माझं मत तसं नाही. जागा सापडली म्हणजे ती काय करते हे कळत नाही. २०१६ मध्ये यातल्या एका ठळक जागेचा उलगडा झाला: सी-४ नावाचं जनुक, जे रोगप्रतिकाराचं काम करतं आणि मेंदूत पेशींमधले अनावश्यक सांधे छाटण्यातही भाग घेतं. छाटणीचा जोर पौगंडावस्थेत असतो आणि स्किझोफ्रेनिया बहुधा त्याच्या पाठोपाठ, विशीच्या आसपास उमटतो. जनुकापासून आजारापर्यंतचं ते मधलं अंतर अखेर मोजूनच भरावं लागणार आहे.

आणि त्या हजारोंच्या गर्दीत आपण फार थोडे आहोत. बहुतांश रुग्ण युरोपीय वंशाचे. त्यांच्यावरून काढलेला जोखमीचा गुणांक माळव्यातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला नीट लागू पडत नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने यावर वेगळी वाट घेतली आहे. तिथे संजीव जैन, बिजू विश्वनाथ आणि सहकाऱ्यांनी एनसीबीएस व इनस्टेम या संस्थांच्या साथीने अशी कुटुंबं निवडली, ज्यांत जवळच्या नात्यात किमान दोघं आजारी आहेत. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, मंत्रचळ, व्यसनाधीनता आणि स्मृतिभ्रंश या पाचही आजारांचा एकत्र विचार. आजारी आणि निरोगी दोघांचीही डोळ्यांची हालचाल, मेंदूची प्रतिमा, बौद्धिक चाचण्या मोजल्या जातात, आणि काही वर्षांनंतर पुन्हा. रक्तातल्या पेशी मागे फिरवून मूळपेशी बनवतात आणि त्यांतून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवतात. म्हणजे ज्या माणसाचे डोळे मोजले, त्याच्याच चेतापेशी काचेच्या ताटलीत पाहता येतात. मोठी, एकत्र राहणारी, एकमेकांना घेऊन दवाखान्यात येणारी कुटुंबं ही आपल्याकडची ताकद, आणि या कामाचा सगळा भार त्यांच्यावरच आहे.

निरोगी भावाबहिणींना यात सर्वांत जास्त कचरायला होतं. माझी लाली मंद आली, माझा डोळा अडखळला, तर मीही त्याच वाटेवर आहे का? नाही. हे माप आजाराचं भाकीत नव्हे. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपैकी दहातली नऊ जणं कधीच स्किझोफ्रेनियाने आजारी पडत नाहीत, आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांत वा भावंडांत हा आजार कुणालाच नसतो. स्किझोफ्रेनियाचं निदान करणारी रक्ताची वा जनुकांची चाचणी आज कुठल्याही प्रयोगशाळेकडे नाही. लग्न जुळवताना तशी चाचणी मागणं निरर्थक आहे, आणि ‘त्यांच्या घरात आहे’ म्हणून स्थळ मोडणं त्याहून वाईट.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं, त्यात मध्य प्रदेशही होता. निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. जनुकं सापडायची तेव्हा सापडतील. स्किझोफ्रेनियावरची औषधं १९५२ पासून आहेत आणि ती लवकर सुरू केली तर फरक पडतो. घरात कुणाला आवाज ऐकू येऊ लागले असतील, झोप उडाली असेल, संशयाने माणूस कोंडून घेत असेल, तर वाट पाहू नका. इंदूरला बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आणि केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा देशभर चोवीस तास चालते, मराठीतही. तिचा क्रमांक १४४१६.